हिशेबातून गळालेला माणूस

मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. राजा हिशेब घ्यायला बसतो आणि एका चाकराकडे १०,००० तलांत येणे निघते. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० देनार, आणि देनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार केला तर हे कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके भरते. वर्षाकाठी ३०० दिवस काम मिळाले असे धरले, तरी फेडायला २ लाख वर्षे लागतील. चाकर पाया पडून मुदत मागतो. राजा मुदत देत नाही. कर्जच माफ करून टाकतो. बाहेर पडतो न पडतो तोच या चाकराला त्याचा एक सोबती भेटतो. त्याच्याकडे याचे १०० देनार थकलेले असतात, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी. तोही पाया पडतो, तोही मुदतच मागतो. चाकर त्याची मानगूट धरतो आणि त्याला तुरुंगात घालतो.

या दाखल्यावर उपदेश होतो तेव्हा भर बहुधा 'आपणही इतरांना क्षमा करावी' यावर असतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या चाकराकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावे. राजाने माफी दिली यावर त्याचा पक्का विश्वास आहे. तो कृपा नाकारत नाही, तिच्याविषयी शंकाही घेत नाही. त्याच्या लेखी ती त्याची आणि राजाची खासगी बाब आहे, रस्त्यात भेटलेल्या तिसऱ्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही, इतकेच. ख्रिस्ती कृपाविचाराचा गैरवापर दोन हजार वर्षांत अनेक परींनी झाला. विकून झाला, फुकट वाटून झाला, नुसत्या गप्प बसण्यानेही झाला. जवळजवळ प्रत्येक वेळी हा तिसरा माणूस हिशेबातून गळालेला दिसतो.

कृपा म्हणजे देवाने लायकी न पाहता दिलेली देणगी. माणूस पुण्य साठवत साठवत देवापर्यंत पोचतो असे ख्रिस्ती विचार मानत नाही. देवच आधी माणसाकडे येतो, आणि तोही माणूस सुधारण्याची वाट न पाहता. 'करावे तसे भरावे' ज्यांच्या हाडीमाशी मुरले आहे त्यांना हे चमत्कारिक वाटते. पहाटेपासून राबलेल्या मजुराला आणि दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्या मजुराला सारखीच मजुरी देणाऱ्या द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला येशूने सांगितला, त्यात पहाटेचे मजूर कुरकुरतात. ऐकणारे आजही कुरकुरतात. अन्याय वाटावा इतकी उदार कृपा ही या विचाराची मूळ खोच आहे, आणि ती बोथट केली की ख्रिस्ती धर्मात नीतिपाठापलीकडे फारसे काही उरत नाही.

यातला धोका पोरालाही दिसेल. सगळे माफच व्हायचे असेल तर सुधारायचे कशाला? हा पेच एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही. मरताना मुलाला हाक मारण्याच्या निमित्ताने नारायणाचे नाव तोंडी आलेला अजामिळ तरून जातो, ही कथा भागवतात आहे. आणि नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांपैकी एक, अशी ताकीदही वैष्णव परंपरेने दिलेली आहे. देवाची देणगी जिथे मोठी, तिथे अशी ताकीद द्यावी लागतेच असे दिसते.

ख्रिस्ती इतिहासात हा आक्षेप पहिल्यांदा अंगावर आला तो प्रेषित पौलाच्या. इ.स. ५७ च्या सुमारास त्याने रोममधल्या मंडळीला पत्र लिहिले. 'बरे व्हावे म्हणून वाईट करा' असे हा माणूस शिकवतो, अशी आवई त्याच्या विरोधकांनी उठवली होती. पौल ती लपवत नाही, पत्रातच नोंदवतो, आणि सहाव्या अध्यायाच्या तोंडाशी तो प्रश्न स्वतःच उभा करतो: पाप वाढले की कृपा वाढते, तर मग पाप करीतच राहावे की काय? सोपे उत्तर हाताशी होते. कृपा अमुक हद्दीपर्यंत, पुढे नियमशास्त्र, असे म्हणून मोकळे होता आले असते. पौल तसे म्हणत नाही. कृपेतली एक कवडीही कमी करत नाही. त्याचे म्हणणे असे, की बाप्तिस्मा घेतलेला माणूस ख्रिस्ताबरोबर मेला आणि नव्याने जगू लागला. मेलेल्याने जुनाच संसार पुढे कसा चालवावा? पौलाच्या लेखी कृपा माणसाला आतून पालटते. तिच्याकडे नुसते माफीचे पत्र म्हणून पाहिले की सगळी गडबड सुरू होते.

ती पौलाच्या हयातीतच सुरू झाली. करिंथच्या मंडळीत एकाने बापाच्या बायकोशी घरोबा केला होता आणि मंडळी आपल्या मोकळेपणावर खूश होती. पौलाचा राग त्या माणसापेक्षा मंडळीवर अधिक आहे. नव्या करारातले यहूदाचे छोटे पत्र तर कृपेचे स्वैराचारात रूपांतर करणाऱ्यांवरच लिहिलेले आहे. आणि याकोबाच्या पत्रात एक मार्मिक प्रसंग येतो: अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही अशा भावाला कोणी नुसताच आशीर्वाद देऊन वाटेला लावले, तर त्याचा काय उपयोग? जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला हे पत्र फारसे आवडत नसे. १५२२ साली त्याने त्याला गवताकाडीचे पत्र म्हटले. मला मात्र वाटते की तिसरा माणूस याकोबाला नेमका दिसला होता.

इ.स. ४०० च्या सुमारास रोममध्ये पेलेजिअस नावाचा, ब्रिटनहून आलेला एक विरक्त उपदेशक होता. इतिहासाने त्याच्यावर पाखंडी असा शिक्का मारला, तरी त्याची कळकळ समजण्यासारखी आहे. रोममधले सुखवस्तू ख्रिस्ती नावापुरते धार्मिक होते, आणि माणूस दुबळा आहे, देवच काय ते करील, ही सबब त्याला ऐकवत नव्हती. त्याच काळातल्या बिशप ऑगस्टिनच्या 'कन्फेशन्स'मध्ये एक प्रार्थना आहे, तिचा आशय असा की देवा, तू जी आज्ञा करशील ती पाळण्याचे बळही तूच दे. ती कोणीतरी पेलेजिअससमोर म्हटली तेव्हा तो खवळला, हे ऑगस्टिननेच लिहून ठेवले आहे. आज्ञा दिली आहे त्या अर्थी ती पाळण्याची ताकद माणसात आहेच, असे पेलेजिअसचे म्हणणे. स्वतःच्या इच्छेशी वर्षानुवर्षे झुंजून हरलेल्या ऑगस्टिनला हे पटणे शक्य नव्हते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजिअसचा विचार फेटाळला, त्याच वर्षी सम्राट होनोरिअसने त्याला रोममधून हद्दपार केले, आणि ४३१ च्या इफिससच्या परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. निकाल योग्य होता असे मी मानतो. व्यसनात रुतलेल्या माणसाला 'मनावर घे म्हणजे सुटेल' असे सांगणारा धर्म सशक्तांचाच उरतो. पण पेलेजिअसची तक्रार या निकालाने मिटली नाही.

मध्ययुगीन चर्चने या पेचातून काढलेली वाट शाळेच्या इतिहासात 'क्षमापत्रे' या नावाने आपण सगळेच शिकतो, आणि बहुधा अर्धवट शिकतो. पैसे द्या आणि पापक्षमा घ्या, असा त्यामागचा सिद्धान्त नव्हता. पापाची क्षमा पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांनीच मिळे. पापाचा दोष गेला तरी त्याचा दंड भोगायचा राहतो, या जन्मी किंवा मरणानंतरच्या शुद्धीकरणात, आणि संतांच्या पुण्यसंचयातून चर्च त्या दंडात सूट देऊ शकते, असे सिद्धान्त सांगे. मूळ कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. माफी मिळाली तरी केलेल्या गोष्टीचे परिणाम उरतात, हे तिला ठाऊक होते. पण सूट देता येते म्हटल्यावर तिची किंमत ठरायला वेळ लागला नाही.

१५१७ सालचा व्यवहार तर एखाद्या बँक घोटाळ्याच्या बातमीसारखा वाचता येतो. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त माग्डेबुर्गचा आर्चबिशप होताच. १५१४ मध्ये त्याने माइन्त्सचेही पद मिळवले. दोन पदे एकाच वेळी भूषवायला पोपची खास परवानगी लागे, आणि परवानगीला पैसे. ते त्याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्जाऊ काढले. फेड व्हावी म्हणून त्याच्या मुलुखात क्षमापत्रे विकायची, निम्मी रक्कम रोममधल्या संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामाला आणि निम्मी फुगरना, असा करार झाला. विक्रीच्या सूचनांत दर्जानुसार दर होते. राजे आणि बिशप यांना २५ सोन्याचे गुल्डन, कारागिराला १. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपास करावा. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन उपदेशक गावोगाव फिरून हा माल खपवत होता. ल्यूथरच्या विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून पत्रे घेऊन येत.

या विक्रीविरुद्ध लिहिलेल्या ल्यूथरच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच असे सांगतो की ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. ४३ वा क्वचितच कोणी उद्धृत करतो. क्षमापत्र घेण्यापेक्षा गरिबाला देणे, गरजवंताला उसने देणे बरे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे चर्चच्या पेटीत पडणारे नाणे कोणाच्या तोंडचे आहे, हे ल्यूथर विचारत होता. रोमने त्याला बहिष्कृत केले. पण १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या क्षमापत्रांवर बंदी आणलीच.

प्रोटेस्टंट मंडळी ही गोष्ट इथेच थांबवतात. ल्यूथरची पंचाईत मात्र इथून पुढे सुरू होते. कृपा कर्मांनी मिळत नाही, केवळ विश्वासाने मिळते, हे त्याने जर्मनीला शिकवले आणि जर्मनीने ते फारच चटकन आत्मसात केले. मित्र मेलांख्थोनला १५२१ साली लिहिलेल्या पत्रात 'पाप कर तर धीटपणे कर, पण ख्रिस्तावरचा विश्वास त्याहून धीट असू दे' अशा अर्थाचे त्याचे एक वाक्य आहे. स्वतःचे मन सतत कुरतडत बसणाऱ्या मित्राला ते लिहिले होते. पुढे ते तोडून वापरले गेले ते भलत्याच लोकांकडून. १५२८ मध्ये सॅक्सनीतल्या गावांची पाहणी करताना ल्यूथरने जे पाहिले त्याने तो हबकला. १५२९ च्या 'लघु प्रश्नोत्तरी'च्या प्रस्तावनेत तो वैतागून म्हणतो की शुभवर्तमान परत मिळाले तेव्हापासून लोक स्वातंत्र्याचा दुरुपयोग करण्याच्या कलेत वाकबगार झाले आहेत. त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला की दहा आज्ञांची जागा कचेरीत, व्यासपीठावर त्यांचे काम नाही. १५३७ पासून ल्यूथरने त्याच्याशी जाहीर वाद घातले आणि १५३९ मध्ये त्याच्याविरुद्ध पुस्तिकाही लिहिली. आयुष्याची पहिली लढाई कृपा विकणाऱ्यांशी आणि शेवटच्यांतली एक कृपा उधळणाऱ्यांशी, असे त्याच्या नशिबी आले.

यापेक्षा मला जॉन न्यूटनची गोष्ट अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात गैरवापर करणारा माणूस ढोंगी नाही. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत जगभर माहीत आहे, आणि त्यामागची कथाही. गुलामांच्या जहाजावरचा एक उर्मट खलाशी वादळात सापडतो, देवाचा धावा करतो, वाचतो, गुलामांचा धंदा सोडतो आणि गीत लिहितो. कथा छान आहे. फक्त तिच्यातला क्रम खोटा आहे.

वादळ १७४८ च्या मार्च महिन्यातले, उत्तर अटलांटिकमधले. न्यूटन तेव्हा २२ वर्षांचा होता. तो वाचला, प्रार्थना करू लागला, शिवीगाळ सोडली. आणि त्यानंतर गुलामांच्या जहाजावर पहिला अधिकारी म्हणून गेला. १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने तीन फेऱ्या केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायची, बेड्या घालून तळघरात भरायची, अटलांटिक ओलांडून विकायची. रविवारी तो खलाशांना जमवून उपासना चालवी. खालच्या फळ्यांखाली साखळदंडात माणसे असत. कप्तान असतानाच्या रोजनिशीत नोंद आहे की उठावाच्या संशयावरून त्याने काही पोरांना बेड्या घातल्या आणि कबुलीसाठी अंगठे चिरडणारे स्क्रू लावले. पुढे १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तोही प्रकृती ढासळली म्हणून. सदसद्विवेकाचा त्यात भाग नव्हता. १७६४ साली तो ऑल्नी या गावी पाळक झाला, त्याच वर्षी त्याचे आत्मवृत्त निघाले. त्यात हा धंदा नकोसा होता, तुरुंगाधिकाऱ्याच्या कामासारखा वाटे, असे आहे. तो पाप होता असे नाही. ते प्रसिद्ध गीत १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी लिहिलेले. गुलामांविषयी जाहीरपणे तो बोलला १७८८ मध्ये, वादळानंतर ४० वर्षांनी.

त्या साली त्याने गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका छापली. तीत कोणतीही भक्तीची झालर नाही. तळघरात माणसे किती दाटीने झोपवत, स्त्रियांवर खलाशी काय अत्याचार करीत, शिक्षा कशा असत, ते स्क्रूसुद्धा, सगळे साक्षीदाराच्या थंड तपशिलाने लिहिले आहे, आणि आपण यात भागीदार होतो, ही कबुली फार उशिरा येत आहे, हेही. पुढे त्याने सरकारी चौकशीपुढे साक्ष दिली, आणि विल्यम विल्बरफोर्स या तरुण खासदाराच्या पाठीशी उभा राहिला. व्यापारबंदीचा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. न्यूटन त्या डिसेंबरात वारला.

ती ४० वर्षे कशी मोजायची? कृपा खोटी होती असे मी म्हणणार नाही. वादळानंतर बराच काळ आपण खऱ्या अर्थाने विश्वासी नव्हतो, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. पण मधल्या काळात तो स्वतःच्या मोठ्या पापीपणाबद्दल कळवळून लिहीत होता, उपदेश करत होता, आणि त्या पापीपणाच्या यादीत शिव्या होत्या, नास्तिकपणा होता, चारित्र्याचा ढिलेपणा होता. तळघरातली माणसे नव्हती. आपण पापी आहोत एवढे कळून भागत नाही. कोणाचे, काय बिघडवले, हे पाहण्याची नजर त्यासोबत येईलच असे नाही.

याउलट उदाहरण आपल्याकडचे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मकथनात त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे पुस्तक वाचल्यावर, त्यांना उमगले की धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तारण आपल्या लायकीवर अवलंबून नाही. हे कळल्यावर बाई निवांत बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीत सापडलेल्या बायका-मुली त्यांनी आणल्या, आणि केडगावला 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातही तेच. कृपा फुकट मिळाली की माणूस आळसावतो हा पेलेजिअसचा सिद्धान्त रमाबाईंना लागू पडत नाही.

'स्वस्त कृपा' हा शब्दप्रयोग जगाला ठाऊक झाला तो डिट्रिख बॉनहोफर या जर्मन ल्यूथरन पाळकामुळे. १९०६ साली ब्रेसलाउमध्ये जन्मलेला हा बुद्धिमान, खात्यापित्या घरातला मुलगा १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेला आणि हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाऊ लागला. परतल्यावर दोन वर्षांत हिटलर सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या पाळकांना काढून टाकण्याचा नियम प्रोटेस्टंट चर्चमध्ये आणायची खटपट सुरू झाली, आणि चर्चमधला मोठा गट त्याला राजी होता. या चर्चमध्ये दर रविवारी बाप्तिस्मे होत, प्रभुभोजन होई, पापक्षमेची घोषणा होई. सिद्धान्तात खोट काढता आली नसती.

१९३५ मध्ये बॉनहोफर फिंकेनवाल्डे येथे सरकारी चर्चबाहेरच्या एका लहानशा पाठशाळेत होतकरू पाळकांना शिकवू लागला. त्याआधी त्याच्या डोक्यात भारतात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहायचे होते. १ नोव्हेंबर १९३४ चे गांधीजींचे बोलावण्याचे पत्रही त्याला मिळाले होते. पाठशाळेच्या कामामुळे तो बेत राहिला. गेस्टापोने १९३७ च्या शरदात ती पाठशाळा बंद केली, आणि त्याच वर्षी त्याचे 'नाखफोल्गे' म्हणजे 'अनुसरण' हे पुस्तक आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आमच्या चर्चने ल्यूथरचे निष्कर्ष तेवढे पाठ केले. ल्यूथर कृपेपर्यंत पोचला तो मठातला सगळा जन्म पणाला लावून. आम्ही ती आधीच हाती असलेले भांडवल म्हणून वापरतो. पाप्याला नीतिमान ठरवण्याऐवजी पापालाच ठरवतो. पश्चात्ताप नको, शिस्त नको, येशूमागे चालणे नको, आणि क्षमा मात्र हवी. कृपा माणसाला फुकट मिळते, पण देवाला ती मुलाच्या प्राणाइतकी महाग पडली, हे विसरले की ती स्वस्त होते.

ल्यूथरच्या शिष्याने ल्यूथरच्या चर्चवर केलेला हा आरोप आहे, म्हणून त्याला धार आहे. बाजारात विकलेली कृपा चारशे वर्षांपूर्वी त्यांनीच नाकारली होती. आता विक्री नव्हती, दर नव्हते, आणि तरी जे घडले ते टेट्झेलच्या धंद्याहून वाईट होते. टेट्झेलकडे निदान खिशाला चाट तरी पडे. बॉनहोफर पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाला, एप्रिल १९४३ मध्ये पकडला गेला आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फासावर गेला.

महायुद्ध संपल्यावर, ऑक्टोबर १९४५ मध्ये, जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी श्टुटगार्ट येथे अपराधाची जाहीर कबुली दिली. तिच्यावर मार्टिन नीमोलरसारख्या, स्वतः छळछावणीत राहिलेल्या माणसाचीही सही आहे. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक उत्कटपणे प्रेम केले नाही, असे त्यात प्रांजळपणे म्हटले आहे. देशात या कबुलीवर टीकेची झोड उठली, इतकी ती त्या काळी धीट होती. आणि त्या सबंध निवेदनात ज्यूंचा उल्लेख नाही. तो यायला १९५० ची बर्लिन-वाइसेनझेची धर्मसभा उजाडावी लागली.

हा विसर पडतो कसा? याची एक जागा खुद्द पवित्र शास्त्रात आहे. एक्कावन्नावे स्तोत्र हे पश्चात्तापाचे सर्वांत मोठे स्तोत्र. परंपरेने ते दावीद राजाचे मानले जाते: उरीयाची बायको बथशेबा हिला त्याने भोगले, उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवले, आणि नाथान संदेष्ट्याने ते उघडे पाडल्यावर त्याने हे म्हटले. त्यात दावीद देवाला म्हणतो की मी केवळ तुझाच अपराध केला. भक्तीच्या दृष्टीने हे खोल आहे. प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्ध असते, असा त्याचा अर्थ लावतात. पण उरीया मेलेला आहे आणि बथशेबा जिवंत आहे. स्तोत्राच्या ओळींत दोघांचेही नाव नाही. शास्त्राच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की शमुवेलाच्या ग्रंथाने दोघांची नावे लपवलेली नाहीत, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीतही 'उरीयाची बायको' असेच लिहून ठेवले.

आजच्या चर्चमध्ये हा विसर सर्वांत महाग पडला तो लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत. जानेवारी २००२ मध्ये 'बोस्टन ग्लोब'ने जॉन गेगन या धर्मगुरूची कहाणी छापली. तीस वर्षांतल्या अत्याचारांबद्दल १३० हून अधिक जण पुढे आले होते, आणि त्या काळात तक्रार झाली की उपचार, पश्चात्ताप, नवी संधी अशा वाटेने तो पुढच्या धर्मग्रामात जात राहिला. त्या डिसेंबरात बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. प्रोटेस्टंटांनी बोटे दाखवू नयेत. अमेरिकी टीव्ही-उपदेशक जिमी स्वॅगर्ट याने फेब्रुवारी १९८८ मध्ये हजारोंसमोर ढसाढसा रडत पापकबुली दिली. संप्रदायाने वर्षभर व्यासपीठ सोडायला सांगितले तेव्हा ते नाकारून तीन महिन्यांत तो परत उभा राहिला. लहान प्रमाणात हे कुठेही चालते. मारणारा नवरा पाळकापुढे रडतो, आणि क्षमा करण्याची आज्ञा बायकोला वाचून दाखवली जाते. इथे कृपेची भाषा मार खाणाऱ्याच्याच पाठीवर आणखी एक ओझे म्हणून येते.

कॅथलिक शिकवणीत यावर उपाय नव्हता असे नाही. पापनिवेदनात, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्यात, पाप माफ झाले तरी चोरलेली वस्तू परत करावीच लागते, बदनामी केली असेल तर ती निस्तरावी लागते, असे धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. याचे मूळ लूकाच्या शुभवर्तमानातल्या जक्कयापर्यंत जाते. येशू या लबाड जकातदाराच्या घरी अट न घालता जेवायला जातो. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट, हे जक्कय आपण होऊन बोलतो. बटव्याच्या बाबतीत चर्चला हे नेहमीच कळत आले. देहाच्या बाबतीत कळायला वेळ लागला, आणि त्याचा पुरावा चर्चच्याच कायद्यात सापडतो. १९८३ च्या धर्मकायद्यात अल्पवयीनांवर धर्मगुरूने केलेला अत्याचार हा गुन्हा 'विशेष कर्तव्यांचा भंग' या प्रकरणात, म्हणजे मुख्यतः ब्रह्मचर्याच्या नियमाखाली मोडत असे. धर्मगुरूने देवाला दिलेले वचन मोडले, एवढी त्याची नोंद. पोप फ्रान्सिस यांनी केलेल्या सुधारणेनंतर ८ डिसेंबर २०२१ पासून तोच गुन्हा दुसऱ्या प्रकरणात गेला आहे. त्या प्रकरणाचे शीर्षक आहे, मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धचे गुन्हे.